सुटलेला दुवा : किल्लारीची भिंत आणि संगणकाच्या पडद्यावरची बेटं

आजच्या व्याख्यानाचं नाव जाहीर झालं तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं की हा इतिहासाचा विषय आहे की अभियांत्रिकीचा. आम्ही इतिहास म्हणूनच बोलणार आहोत. टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. एखाद्या ठोकळ्यावर कुठे भार येणार आणि त्याला आधार कुठे आहे एवढं संगणकाला सांगायचं, आणि विचारायचं की यातला निम्मा माल काढून टाकायचा असेल तर उरलेला कुठे ठेवू म्हणजे वस्तू जास्तीत जास्त ताठ राहील. संगणक माल इकडून काढतो, तिकडे ठेवतो, आणि शेवटी हाडासारखा किंवा झाडाच्या फांद्यांसारखा एक आकार समोर आणतो. पण पुष्कळदा त्या आकारात एखादा काळा ठिपका, एखादा तुकडा एकटाच तरंगत असतो. त्याला कोणाचा आधार नाही आणि तो कोणाला आधार देत नाही. जाणकार त्याला बेट म्हणतात. ही बेटं का तयार होतात आणि ती कशी शोधायची, या प्रश्नाला तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. आणि मराठवाड्यात या प्रश्नाची एक फार महागडी आवृत्ती त्याच काळात घडून गेली. तिथूनच सुरुवात करू.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून गावं उशिरा झोपली होती. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सास्तूर, या पट्ट्यात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळपास मृत्यूंचा. काही नोंदी तो साडेनऊ हजारांच्या वर नेतात. जगाच्या हिशेबात ६.२ ही मध्यम तीव्रता. एवढ्या भूकंपात एवढी माणसं का गेली, हा प्रश्न तेव्हा साऱ्या देशाला पडला. त्याचं सोपं उत्तर लगेच मिळालं आणि ते अजूनही गावोगाव ऐकू येतं : दगडानं मारलं. आम्हाला हे उत्तर अपुरं वाटतं, आणि ते का अपुरं आहे हे सांगण्यासाठी घर उघडून बघावं लागेल.

माळवदाचं घर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, काहींचा जन्मच त्यात झाला असेल. काळ्या दगडाच्या जाड भिंती, दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, कधी त्याहून जाड. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर लाकडाच्या फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढरी माती. घर मोजायचं ते खणांवर : चार खणाचं, आठ खणाचं. पांढरी माती पाणी अडवते. पावसाळ्याच्या तोंडावर छत गळायला नको म्हणून तिचा नवा थर द्यायचा. जुना थर मात्र कोणी काढत नाही. त्यामुळे आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळी दीड-दोन फुटांवर जातो.

आता जरा हिशेब करू. माती घनमीटरला साधारण सोळाशे किलो धरली आणि थर अर्धा मीटर धरला, तर एका चौरस मीटरवर आठशे किलो होतात. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला तीनशेच्या आसपास भरतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीच्या डोक्यावर सात टनांहून जास्त माती. उन्हाळ्यात त्याच मातीनं घर गार राहतं, ही गोष्ट खरी. लातूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना हे पटवून द्यायला नको.

आणि भिंत? ती बाहेरून एक दिसते, आतून मात्र दोन असतात. गवंडी बाहेरच्या अंगाला एक थर लावतो, आतल्या अंगाला दुसरा. दोन्हींची चांगली तोंडं दर्शनी बाजूला. मधल्या पोकळीत दगडाचे बारीक तुकडे, चिपा आणि चिखल. दोन अंगं बांधायची तर अधूनमधून एक लांब दगड असा ठेवावा लागतो की तो भिंतीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार जाईल. असा दगड घडवायला वेळ लागतो, उचलायला दोन माणसं लागतात, आणि गिलावा झाल्यावर तो दिसत नाही. बहुतेक घरांत तो नव्हताच. कोपऱ्यातही दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नव्हत्या, नुसत्या टेकलेल्या होत्या. खांब-तुळयांचा सांगाडा आणि भिंत यांचीही गाठ नव्हती. एकाच घरात चार-पाच सुटे भाग शेजारी शेजारी उभे होते आणि वरच्या वजनानं जागेवर बसले होते.

एकसंध भिंत आणि दुभंगलेली भिंत यांतला फरक आकड्यात बघा. भिंतीचा बाजूच्या ढकलीला होणारा ताठरपणा जाडीच्या घनानुसार वाढतो. ऐंशी सेंटिमीटरची एक भिंत असेल तर ऐंशीचा घन, म्हणजे ५,१२,०००. तीच भिंत चाळीस-चाळीसच्या दोन सुट्या अंगांची असेल तर चाळीसचा घन दोनदा, म्हणजे १,२८,०००. माल तोच, दगड तेवढेच, पण ताठरपणा चौथा हिस्सा. आरपार दगडाची खरी किंमत ही.

मग पिढ्यान्‌पिढ्या बांधणाऱ्या गवंड्यांना हे कळत नव्हतं का? आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. ते घर ज्या भारांसाठी बांधलं होतं ते भार त्यानं उत्तम पेलले : वरून येणारं वजन, ऊन, पाऊस, चोरचिलटं. उभा भार प्रत्येक अंग आपापलं खाली नेतं, त्याला शेजारच्या अंगाची गरज पडत नाही. आडवा धक्का हा भार कोणाच्या यादीतच नव्हता. गवंड्याच्या नव्हता आणि शास्त्रज्ञांच्याही जेमतेमच होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूभाग असा समज होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानं त्याला तडा दिला आणि नकाशात कोयनेचा भाग वर चढवला गेला. लातूर मात्र भारतीय मानकाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात राहिलं. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीत लहान धक्के बसत होते, लोक घाबरून तक्रारी करत होते, तरी नकाशा तोच होता. तो बदलला २००२ साली. तेव्हा पहिला विभाग रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या विभागात गेला. जो भार यादीत नाही त्याच्यासाठी कोणी दुवा ठेवत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, संगणकाकडे गेल्यावर ते पुन्हा लागणार आहे.

तर आता दुसरीकडे वळू. कमीत कमी माल कुठे ठेवावा, हा प्रश्न जुना आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८७० च्या सुमारास चौकटींतल्या ताण आणि दाबाबद्दल एक महत्त्वाचं प्रमेय मांडलं. मेलबर्नच्या ए. जी. एम. मिचेल या अभियंत्यानं १९०४ साली त्यावर पुढचं पाऊल टाकलं आणि सर्वांत काटकसरी चौकट कशी दिसेल हे गणितानं दाखवलं. त्याच्या आकृत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या सुंदर आहेत आणि बांधायला जवळपास अशक्य. पन्नासेक वर्षं त्याकडे फारसं कोणी वळलं नाही. मिचेलची ख्याती झाली ती जहाजांच्या बेअरिंगमुळे, या निबंधामुळे नव्हे.

संगणक आल्यावर चित्र पालटलं. १९८८ साली डेन्मार्कचे मार्टिन बेंडसो आणि मिशिगनमधले नोबोरू किकुची यांनी एक पद्धत मांडली. जागा बारीक चौकोनांत वाटायची आणि प्रत्येक चौकोनात किती माल ठेवायचा ते गणितानं ठरवायचं. लवकरच तिचं सोपं रूप रूढ झालं : प्रत्येक चौकोनाला शून्य ते एक अशी घनता द्यायची आणि ताठरपणा घनतेच्या घनानं मोजायचा. म्हणजे अर्ध्या घनतेचा चौकोन अर्ध्या मालाची किंमत घेतो आणि आठवा हिस्सा काम देतो. असा तोट्याचा सौदा गणित आपोआप टाळतं, आणि हळूहळू चौकोन एकतर काळे होतात नाहीतर पांढरे. १९९३ साली, किल्लारीच्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या शिए आणि स्टीव्हन यांनी आणखी सोपी युक्ती छापली : ज्या चौकोनावर ताण सगळ्यांत कमी तो काढून टाका, पुन्हा गणित करा, पुन्हा काढा. बागकामासारखं. लोकांना ती फार आवडली.

आणि इथे दुवे तुटायला लागले.

पहिला प्रकार बुद्धिबळाच्या पटाचा. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन एकाआड एक दिसायचे, कोपऱ्याला कोपरा टेकलेला. कोपऱ्यावर टेकलेले दोन दगड म्हणजे भिंत नव्हे, पण संगणकाला तो माल खरा असतो त्याहून ताठ वाटत होता. १९९५ साली डियाझ आणि ओले सिगमुंड यांनी दाखवलं की दोष रचनेत नसून मोजण्यात आहे : साध्या चौकोनांचं गणित त्या पटाचा ताठरपणा फुगवून सांगतं. पुढच्या वर्षी याच प्रश्नावर सी. एस. जोग आणि रॉबर्ट हेबर यांचा निबंध आला. हे जोग पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. उपाय म्हणून फिल्टर आला. प्रत्येक चौकोनानं एकट्यानं निर्णय घ्यायचा नाही, ठरावीक अंतरातल्या शेजाऱ्यांची सरासरी बघायची. खेड्यातल्यासारखंच.

दुसरा प्रकार आमच्या मते या इतिहासातला सगळ्यांत शिकवणारा आहे. २००१ साली मिंग झोउ आणि जॉर्ज रोझवानी यांनी एक साधं उदाहरण छापलं. एक आडवी तुळई, एका टोकाला पक्की. तिला एक बारीक उभा बंध वरच्या आधाराशी बांधतो. तुळईवर आडवा दाब मोठा, त्यामुळे तिचे चौकोन चांगलेच ताणाखाली. बंधावर मात्र फारसा भार नाही. आता ‘सर्वांत कमी ताणाचा काढा’ हा नियम लावा. पहिला बळी बंधाचा. बंध गेला, तुळई एका टोकावर लोंबकळली, आणि तिचा वाक अनेक पटींनी वाढला. नियमाच्या नजरेत बंध आळशी होता. पण तो तिथे असल्यामुळेच बाकीच्यांना काम सोपं जात होतं. आजचा ताण बघून उद्याची गरज कळत नाही. यावर शिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर उत्तर दिलं : प्रत्येक पायरीला एखादा आधार तुटला का ते तपासा, आणि तुटला असेल तर जाळी बारीक करून पुन्हा करा. वाद पूर्ण मिटला असं आम्ही म्हणणार नाही, पण सल्ला उपयोगाचा आहे.

आता हे उदाहरण आणि भिंतीतला आरपार दगड शेजारी ठेवा. साध्या दिवशी त्या दगडावर जवळपास काहीच भार नसतो. गवंड्यानं वेळ वाचवायला तो गाळला, तर वर्षानुवर्षं काही बिघडत नाही.

त्याच २००१ साली सिगमुंडनं मॅटलॅबमधला ९९ ओळींचा प्रोग्रॅम छापला आणि हा विषय विद्यार्थ्यांच्या हातात आला. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला मुलगाही आता साध्या संगणकावर तो चालवू शकतो. साठ बाय वीस चौकोनांची तुळई काही क्षणांत तयार होते. मग तो भार बदलतो, जागा बदलते, आणि बेटं दिसू लागतात. अशा वेळी काय तपासायचं, हे आम्हाला थोडं खोलात सांगायचं आहे, कारण इथे भिंतीशी नातं फार जवळचं आहे.

त्या प्रोग्रॅममध्ये पांढरा चौकोन खरा रिकामा नसतो. गणित अडू नये म्हणून त्यात एक हजारांश घनता ठेवलेली असते. घन केला की ताठरपणा एक अब्जांश उरतो. हा नावापुरता माल सगळीकडे पसरलेला असतो, आणि बेट त्यावर तरंगत राहतं. संगणकाच्या लेखी ते जोडलेलंच आहे, म्हणून तो चूक दाखवत नाही. आपल्या भिंतीच्या पोटातला चिखल आणि चिपा तसाच माल आहेत. दोन अंगांच्या मधे काहीतरी आहे, म्हणून भिंत एक वाटते. पाऊस मुरला की तेही उरत नाही.

सगळ्यांत जास्त बेटं आम्ही पाहिली आहेत ती जपून ठेवलेल्या जागांची. बोल्टच्या भोकाभोवती कडं हवं म्हणून आपण सांगतो की हे चौकोन काळेच राहू दे. पण त्या बोल्टवर कुठलाच भार दिलेला नसतो. मग गणितानं तिथपर्यंत माल का न्यावा? ते कडं बेट म्हणूनच राहतं. इथे फिल्टर बदलत बसण्यात अर्थ नाही. बोल्टवर खरोखर काय भार येणार, तो लिहायचा. भार एकाच दिशेचा दिला असेल तर दुसऱ्या दिशेचे दुवे येणारच नाहीत, म्हणून दोन-तीन वेगळे भार वेगवेगळे धरून त्यांचा एकत्र विचार करावा लागतो. हेच मघाचं वाक्य.

माल फार कमी दिला, समजा दहा टक्के, तर फांद्या फिल्टरच्या पल्ल्यापेक्षा बारीक व्हायला लागतात आणि राखाडी राहतात. मग चित्र स्वच्छ दिसावं म्हणून आपण अर्ध्याच्या खालची घनता पुसतो, आणि नेमका राखाडी दुवा पुसला जातो. म्हणून पुसल्यावर गणित पुन्हा एकदा करायचं. वाक थोडा बदलला तर ठीक. शेकडो पट वाढला तर आपण दुवाच पुसला आहे. घनाचा दंड पहिल्याच पायरीला पूर्ण न लावता एकापासून तीनपर्यंत हळूहळू वाढवला तर असे अपघात कमी होतात.

बेट डोळ्यांना दिसत नसेल, तीन मितींच्या वस्तूत ते आत दडलेलं असेल, तर एक सुंदर युक्ती आहे. कल्पनेतच सगळ्या मालाला उष्णता द्यायची आणि आधारांवर तापमान शून्य ठेवायचं. ज्या तुकड्याला आधारापर्यंत वाट आहे त्याची उष्णता वाहून जाईल. बेट तापत राहील आणि आकड्यात लालबुंद दिसेल. दुसरी परीक्षा कंपनाची : सुट्या तुकड्याची वारंवारता जवळजवळ शून्य येते, कारण त्याला कोणी परत ओढत नाही.

किल्लारीत ही परीक्षा जमिनीनंच घेतली. बाहेरचं अंग बाहेर पडलं, आतलं आत, कोपरे उभे चिरले. कित्येक घरांत खांबांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती गेल्या. जिथे छत थेट भिंतीवर टेकलेलं होतं तिथे ते मातीसकट खाली आलं. झोपलेली माणसं त्या मातीखाली गुदमरली.

नंतर जे झालं त्यात दोन वाटा होत्या आणि त्या सारख्या आठवल्या जात नाहीत. पहिली सगळ्यांना माहीत आहे : जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सरळ रांगा. भावकीची घरं लांब गेली, जुन्या आळ्या मोडल्या. नव्या घराला जोडून जुन्या गावातले दगड-लाकूड आणून लोकांनी पुन्हा खोल्या काढल्या, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे, आणि त्या नव्या भिंतीतही आरपार दगड असेलच असं नाही. दुसरी वाट दुरुस्तीची. दोन लाखांच्या आसपास घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची योजना होती. तंत्र साधं होतं. भिंतीतले काही दगड ओढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं : आरपार दगडाला पर्याय. छताखाली भिंतीभोवती काँक्रीटचा किंवा जाळी-सिमेंटचा पट्टा, कोपऱ्यात जाळी, खांब-तुळईच्या सांध्यात तिरपे लाकडी टेके, आणि छतावरची माती कमी करायची. नव्या दगडी भिंतीसाठी १९९३ सालच्याच भारतीय मानकानं सांगितलं की दर ६० सेंटिमीटर उंचीला, आडवे जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर आरपार दगड हवेत.

या दुसऱ्या वाटेवर लोकांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्या घरानं घरातली माणसं नेली त्याच घरात चार भोकं पाडून परत झोपा, असं कोण ऐकेल? काँक्रीटचं नवं घर दिसतं. भिंतीच्या पोटातली सळई दिसत नाही. पण याचा परिणाम असा झाला की दोष दगडावर गेला आणि दुवा विसरला गेला. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये दगड-चिखलाच्या भिंती अशाच फुटल्या.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडून आलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं नांदेडकर घराबाहेर आले. तेव्हा बाहेर पडलेल्यांची बरीच घरं आता पिलरची आहेत. पिलरच्या घरात बघायची जागा म्हणजे बीम आणि कॉलमचा सांधा, तिथल्या रिंगांमधलं अंतर, आणि रिंगेचं टोक आत गाभ्याकडे १३५ अंशात वाकवलं आहे की नुसतं काटकोनात सोडलं आहे. काँक्रीट ओतल्यावर तेही दिसत नाही, म्हणून स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी बघायचं.